लिंबाचा डाग

माझा सख्खा भाऊ काल गेला. साठाहून जास्त वर्षं त्यानं मला दादा म्हटलं नव्हतं.

पुंजाजी. रिठदचा. माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

दोष माझा होता. ही पोस्ट नात टाइप करतेय, तिलाही आजच कळतंय.

पन्नासच्या दशकात माझा धंदा जुन्या सुऱ्या-कट्यारींचा. अनसिंगच्या बाजारात लोखंडाच्या भावात घ्यायच्या, अकोल्याच्या शौकिनांना अँटिक म्हणून विकायच्या. नुसती मूठ बघून रेट सांगायचो. फार माज होता त्याचा.

आमच्याकडे नवरदेव हातात कट्यार धरतो, टोकाला लिंबू खोचून. गल्लीतले सगळे नवरदेव आमच्या आजोबांचीच कट्यार न्यायचे. रसानं तिचं टोक काळपट पडलेलं, आणि त्यात पाण्याच्या लहरींसारख्या बारीक रेघा दिसायच्या.

पुंजाच्या लग्नाला चार दिवस होते. एका वकिलानं ती कट्यार बघायला मागितली. मी घरात न विचारता उचलली.

वर शहाणपणा केला. डाग वाईट दिसतात म्हणून विटेच्या भुकटीनं घासून लख्ख केली.

वकील हसला. "शेठ, त्या रेघाच तर बघायच्या होत्या, अस्सल जुन्या पोलादाची खूण असते ती. तुम्ही किंमतच घासून टाकली."

परत आणता आली असती. पण ती तशी घेऊन घरात शिरायची लाज वाटली. मिळेल त्या भावात देऊन आलो.

पुंजा वांगी चिरायच्या सुरीला लिंबू खोचून मांडवात उभा राहिला. नवरीकडचे हसले.

मी जवळ गेलो. "पुंजा, याच्याहून भारी आणून देतो तुले."

"राहू द्या शेठ. तुमाले भाव समजते, बाकी काई समजत नाई."

तोवर तो मला दादा आणि 'तू' म्हणायचा.

मग कायमचं शेठ. दिवाळीला शेठ. आई गेली तेव्हाही शेठ. लोकांना थट्टा वाटायची.

मी माफी मागितली नाही. मोठा ना मी!

आज त्याच्या मुलानं पेटी उघडली. फडक्यात गुंडाळलेली तीच मांडवातली सुरी निघाली. टोकाला काळा डाग, कधीच न घासलेला.

"मोठेबाबा, तुमाले यातलं समजते. बाबानं हे कायले जपलं असन? काई किंमत हाय काय हिची?"

जन्मात पहिल्यांदा मला रेट सांगता आला नाही.

जा बाबा पुंजा. मी चुकलो. हे मांडवातच म्हणायला हवं होतं.

तुझा,
शेठ