विहीणबाईंनी दाखवलेली हद्द

भुताखेताचं नाव काढलं की मी हसणाऱ्यांतली. बँकेत नोकरी... आधी पुरावा दाखवा, मग बोला, असा माझा खाक्या. पण ग्वाल्हेरला, माधवगंजातल्या आमच्या घरामागे भरदुपारी जे झालं त्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा!

माझी आई इंदूरला एकटी. "मुलीच्या घरी जाऊन राहणार नाही," हा तिचा हट्ट. न्हाणीघरात घसरून पडली, तरी नाहीच! शेवटी आम्ही नवराबायकोने मागच्या आवारात पाहुण्यांसाठी वेगळी खोली बांधली. वेगळं दार, वेगळी शेगडी, सगळं तिच्या मानासाठी. नगर निगमातून नक्शासुद्धा रीतसर पास करून घेतला. "बघून तर जाते," म्हणत आई आली.

आणि लगेच नोटीस! मागच्या घरातल्या वकीलसाहेबांनी शिकायत केली होती. नियम असा, की खोली आणि मागची हद्द यांच्यात ठरलेली जागा मोकळी सुटलीच पाहिजे. नक्शात ती पुरेपूर होती, पण जमिनीवर हातभर कमी भरत होती. मिस्त्रीने खोली मागे सरकवली असणार, असंच सगळे धरून चालले.

इन्स्पेक्टर फीता घेऊन आले. मागच्या भिंतीपर्यंत मोजलं आणि मान हलवली. "मैडम, कम है. तोड़ना पड़ेगा." वकीलसाहेब पलीकडून डोकावून बघत होते, चेहऱ्यावर नुसती दिवाळी! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आई बॅग भरायला उठली...

आणि दारातच थबकली. "अगं, विहीणबाई ना त्या?"

माझ्या सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झालीत! "आई, काय बोलतेस?"

"हिरवं नऊवारी नेसल्यात. भिंतीतून आरपार गेल्या गं... पलीकडे, वकिलांच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये. दगडाला हळदकुंकू वाहतायत. म्हणाल्या, 'इथून मोजायला सांगा. आणि विहीणबाई, बॅग कसली भरताय?'"

मला कोणी दिसलं नाही. पण ओल्या हळदीचा वास आला, अगदी नाकाशी! आणि एकदम आठवलं. सासूबाई सांगायच्या, पूर्वी दसऱ्याला हद्दीच्या दगडाची पूजा करायचो, मागे वकिलांची भिंत झाली आणि दगडच दिसेनासा झाला. हे मी आईला कधीच सांगितलं नव्हतं.

मी इन्स्पेक्टरांच्या मागेच लागले. "शेड खुलवाइए!"

"अरे, बरसों से बंद है," वकीलसाहेब चिडले. कुलूप इतकं गंजलेलं, की किल्ली फिरेना. हातोडीने तोडावं लागलं. आत भंगार, जळमटं, धूळ... आणि कोपऱ्यात जमिनीत रोवलेला, नंबर कोरलेला जुना दगड. त्यावर ताजं हळदकुंकू! मी बोट लावलं तर ओलं लागलं.

इन्स्पेक्टरांनी आधी नमस्कार केला, मग फीता लावला. जागा पुरेपूर भरली. "हद तो ये रही, वकीलसाहब. दीवार आपकी आगे है." आता नोटीस त्यांना! मी अंगणातच टाळ्या पिटल्या. लोक बघेनात का, माझ्या बापाचं काय जातंय!

संध्याकाळी आईला भीतभीतच विचारलं, "राहशील ना गं?"

"राहणारच! पण मुलीकडे नाही हं. विहीणबाईंनी स्वतः बोलावलंय, त्यांच्याकडे आलेय मी."

आईची वेगळी शेगडी मात्र खोक्यातून बाहेरच आली नाही. ती रोज आमच्याच पंगतीला जेवते.