विनूच्या नावाचा अर्ज

मी आज तालुक्याच्या शाळेत शिकवतो ते देशमाने सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीही झालं नव्हतं. सरांनी मला त्यांच्या मुलाशेजारी, विनूशेजारी बसवून शिकवलं, जेवू घातलं. मी पदवीधर झालो. विनू चाकणला कारखान्यात भट्टीवर लागला. या मे महिन्यात तो कामावर दोनदा चक्कर येऊन पडल्याचं कळलं. सरांचे गुडघे गेलेत, ऐकूही येत नाही. "बघून ये आणि लिहून कळव," एवढंच ते म्हणाले.

सकाळी एसटीतून मोशीला उतरलो. विनूची खोली इंद्रायणीजवळ. लांबून मला नदी हिरवं शेतच वाटली. ती जलपर्णी (पाणी झाकून टाकणारी वनस्पती) होती. काठाशी मासे पोट वर करून पडले होते. घाटाच्या पायरीवर तिथले एक म्हातारबाबा बसले होते.

"मासे कशानं मेले, बाबा?"

"घाण पाणी तर व्हतंच की. पण आता ऊनबी तसलंच. पाणी थोडं, त्ये बी तापल्यालं. वरनं ही हिरवळ हवा आत जाऊ देत न्हाई. आमी हितं पोहायला शिकलो, सांगितलं तर नातू हसतोय."

विनू पहिली शिफ्ट करून चारला आला. ओठ फुटलेले. खोलीचा पत्रा तापून आत भट्टीच झाली होती. माठ भरलेला, तरी त्यानं दोनच घोट घेतले.

"पी की पोटभर."

"सवय गेली. पाणी पिलं की जावं लागतंय. मशीन सोडायचं तर रिलीव्हर (बदली माणूस) पाहिजे, तो शिफ्टला एकदाच येतो. म्हणून लाईनीवर कुणीच पीत नाही. आधी निभायचं. हे दोन-तीन उन्हाळे निभंना झालेत."

"मग साहेबाला सांग."

"गुरुजी," तो मला चिडवत म्हणाला, "तिथं नुसती हजेरी घेतात. शंका विचारत नाहीत."

तो झोपल्यावर मी उन्हाळ्यापुरता जादा रिलीव्हर मागणारा अर्ज लिहिला. विषय, कारण, नम्र विनंती. ज्याची अडचण त्याचंच नाव खाली हवं, ही सरांची शिकवण. म्हणून विनूचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर गेटवर कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला दिला.

"ऊन काय आम्ही पाडतो का, भाऊ?" तो हसला. "ढगांना करा अर्ज." पण कागद नीट घडी करून त्यानं खिशात ठेवला. मला वाटलं, काम झालं.

विनू दुपारीच परतला. गेटपास काढून घेतला होता.

"तुला कुणी सांगितलं होतं रे शहाणपण?"

"चल गावाकडं. सर वाट बघतायत."

"आणि काय करू? टँकरमागं घागर घेऊन पळू? तिथं कुठं गारवा ठेवलाय माझ्यासाठी?"

सकाळी तो दुसऱ्या शेडवर भट्टीच्या कामाला लागला. दारापर्यंत मीही गेलो, तिथल्या कामगारांशी बोललो. मी परतीची एसटी धरली. पुलावरून नदी पुन्हा हिरवीगार दिसली. शेजारची बाई मुलाला म्हणाली, "बघ, किती छान!" घरी पोचताच पत्र लिहिलं:

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.
विनू भेटला. त्याचं काम माझ्यामुळे गेलं. आता तो दुसऱ्या भट्टीवर आहे. तिथं पंखाही नाही. तिथंही कुणी पाणी पीत नाही. अर्ज तुम्ही शिकवलात तसाच लिहिला होता, सर. फक्त खाली माझं नाव घालायला हवं होतं.