आंबिया बहार आणि नातीचा निकाल

तीन वर्षांपूर्वी मी अडुसष्टची होते, म्हणजे पोरच. अक्कलदाढा पडून गेल्या होत्या, अक्कल यायची होती.

नात परदेशात डॉक्टरकी शिकून आली होती. तिकडून शिकून आलेल्यांना इथली एक परीक्षा पास व्हावी लागते, त्याशिवाय साधी गोळीही लिहून देता येत नाही. शहरात राजापेठेत खोली घेऊन ती क्लासला जायची. मला म्हणायची, "नोकरी लागली का तुले संगं नेतो, आजी."

पहिल्या खेपेला नापास झाली. फोनवर म्हणाली, "या खेपेले निकालच लय कमी लागला. दर खेपेले खालीवर होते तो."

मी म्हटलं, "ज्याले येते तो पास होते. बाकीचे टक्के सांगत बसतात."

आणि इथे गावात, बार्शीटाकळीत, आल्यागेल्याला सांगितलं, तिनं फॉर्मच भरला नव्हता.

दुसऱ्या खेपेला पास झाली. अकोल्यात लेकाच्या घरी पेढे वाटायला मीच पुढे. शेजारीण म्हणाली, "काकू, नात हुशार निघाली तुमची."

माझ्या जिभेला खाज. "कायची हुशार? या खेपेले निकालच भरपूर लागला. सारेच पास होऊन राहिले."

नात पाण्याचे पेले घेऊन मागेच उभी होती. पेले तिनं सावकाश खाली ठेवले.

"आजी, मागच्या साली आपल्या संत्र्याचा आंबिया बहार गळला, तवा काय म्हनत होती तू?"

"आभायानं दगा देल्ला."

"अन् त्याच्या आदल्या साली झाडं लदलदले तवा?"

"माझ्या हाताले गुन आहे," हे मी तेव्हा गावभर सांगितलं होतं, अकोल्याच्या या शेजारणीलासुद्धा. ती पदराआड हसली. मी तिच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला, तोंड बंद राहावं म्हणून. बंद माझं ठेवायला हवं होतं.

झाडाला जी माफी दिली, ती पोरीला दिली नाही. बरं, झाड माझ्या मांडीवर वाढलं नव्हतं.

आता ती धारणीला डॉक्टर आहे. संगं नेण्याचं पुन्हा बोलली नाही, मीही कोणत्या तोंडानं विचारू?

यंदा बहार चांगला आला. पेटी पाठवली. काल फोन आला.

"संत्रे गोड हायेत आजी. कोनाच्या हाताचा गुन?"

"आभायाचा."

ती जरा हसली. ये म्हणाली नाही.

मी मात्र लुगडी पिशवीत भरून ठेवली आहेत.