बेअरिंगला जवसाचं तेल

आमचं वॉशिंग मशीन अड्याळात आमच्या गल्लीतलं पहिलं. मी नोकरीला लागले, त्याच्या दुसऱ्या वर्षी घेतलेलं. तेव्हा बाया ते बघायला यायच्या, झाकण उघडून आत डोकवायच्या आणि "लुगडं फाटत नाही का वो याच्यात?" असं विचारून जायच्या. दोन टबांचं आहे. डावीकडे धुवायचं, मग कपडे हाताने उचलून उजवीकडच्या लहान टबात टाकायचे. तो टब गरगर फिरतो आणि पाणी काढून टाकतो. त्या लहान टबाखाली वेगळी मोटर आहे आणि मोटरच्या दांड्याला वर एक, खाली एक अशी दोन बेअरिंग आहेत. मुठीत मावतील एवढ्या पोलादी कड्या, आत गोळ्या. मागच्या भाद्रपदात या दोन कड्यांनी मला जो ताप दिला, तो सांगते.

आधी सासूबाईंचं सांगायला हवं, नाहीतर एका जुन्या मशीनसाठी बाईने एवढं जिवाचं रान का केलं ते कळणार नाही. उन्हाळ्यात त्या न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पायावर उभ्या राहिल्या नाहीत. वय ऐंशीच्या पुढे. तेव्हापासून खाट, रबरी कापड आणि चादरी. डायपर लावून पाहिले. अंगावर पुरळ उठायचं, आणि त्या ते ओढून खाटेखाली टाकायच्या. म्हणजे चादरीच. दिवसाला चार, कधी सहा.

उन्हाळ्यात चादरीचं काही वाटत नाही. तासाभरात पापड होतात. पण पावसाळ्यात आमच्याकडे धानाच्या बांधीत पाणी, तळ्यात पाणी आणि भिंतींनाही पाणी. हाताने पिळलेली चादर तीन दिवस लोंबते आणि चौथ्या दिवशी वास मारते. त्या लहान टबातून निघालेली चादर मात्र पंख्याखाली रात्रीतून वाळते. सगळा संसार त्या टबावर होता.

मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. ओल्या चादरीवर म्हातारं माणूस पडून राहिलं की काय होतं, हे मला कोणी सांगायला नको. तरी भाद्रपद लागताच त्यांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. आमच्या डॉक्टर मॅडम घरी येऊन बघून गेल्या. "कातडी अजून फुटली नाही," त्या म्हणाल्या. "कोरडं ठेवा, कूस बदला. फुटली तर या वयात भरून येणं कठीण आहे."

डाग ओलीमुळे पडला, हे मला पटेना. चादरी तर उलट कमी लागू लागल्या होत्या. सहाच्या तीनवर आल्या होत्या. मी मनात म्हटलं होतं, चला, बरं झालं, लघवीवर ताबा येतोय. या शहाणपणाचं पुढे काय झालं ते येईलच.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मशीन अडलं. बटण फिरवलं तर नुसतं हूंऽ करायचं. टब हाताने फिरवून पाहिला, तर गुळाच्या पाकात उलथणं फिरवावं तसा जड.

अचानक नव्हतं झालं ते. आखाडापासून तो टब किंचाळत होता. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, कानशिलात जाणारा. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या फिरवायचं यंत्र असतं, त्याचं बेअरिंग जायला लागलं की असाच आवाज येतो, म्हणून मी तेव्हाच मालकांना म्हटलं होतं, "बेअरिंग गेलं आहे, कोणाला तरी दाखवा." मालक म्हणजे माझे यजमान. शेती करतात, आणि घरातल्या प्रत्येक यंत्राचं त्यांना सगळं समजतं असं त्यांना वाटतं. ते म्हणाले, "पाहतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. चार दिवसांनी पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद झाला. मला वाटलं, घट्ट-सैल काहीतरी करत असतील. मी विचारलं नाही. ही माझी दुसरी चूक.

मशीन अडल्यावर मेकॅनिकला फोन केला. तो दोन दिवसांनी आला, मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही, आणि खुर्चीवर बसून म्हणाला, "मॅडम, याचे पार्ट येनं बंद झाले. कंपनीनंच हे मॉडेल सोडलं. भंगारात द्या."

"बेअरिंगच तर बदलायचं आहे."

"याच्या बेअरिंगच नाही भेटत. नवी घ्या ना. कायले डोक्याले ताप?"

नवं घ्यायला माझी ना नव्हती. जुन्या वस्तूंवर माझा जीव वगैरे काही नसतो. दुकानात फोन केला, तर सणाचे दिवस, माल संपलेला, आठ-दहा दिवसांनी येईल. डागाला आठ-दहा दिवस द्यायची माझी तयारी नव्हती. चार दिवस हाताने पिळलं. मनगट सुजलं. चादरी ओल्याच. शेवटी इस्त्री फिरवून वाळवायला लागले, तर वीज जायची.

रविवारी मी मालकांना म्हटलं, "पेचकस आणा. आपणच उघडू."

"तुले येते का?"

"तुम्हाला येतं ना सगळं? मग बसा."

मशीन अंगणातल्या पत्र्याखाली आडवं केलं. मागचं झाकण काढलं, लहान टबाखालची मोटर सोडवून बाहेर घेतली. दांड्याच्या मुळाशी, जिथे बेअरिंग बसतं तिथे, पिवळट तपकिरी, डिंकासारखं काहीतरी थापलं होतं. नखाने खरवडलं तर साल निघाली. गंज असा नसतो. ग्रीस असं नसतं. मी वास घेतला.

विदर्भाच्या या टोकाला हा वास न ओळखणारं घर नाही. धान उभं असतानाच बांधीच्या ओलीत जवस टाकतात, घरच्या जवसाचं तेल घाण्यावरून काढून आणतात, चटणी, भाजी, सगळं त्यातच.

"हे जवसाचं तेल आहे," मी म्हटलं.

मालक हातातल्या पान्याकडे बघू लागले.

"तुम्ही मशीनमध्ये जवसाचं तेल टाकलं?"

"थोडसंकच. आवाज करत होती ना थे."

"किती वेळा?"

"आता मोजलं का मी? बंद होत होता ना आवाज!"

जवसाचं तेल वाळतं. पेटीला, दाराच्या चौकटीला लावलं की चार दिवसांत त्याचा कडक थर बसतो. म्हणून तर लावतात. यांनी स्वतः मागच्या दिवाळीत दाराला लावलं होतं, आणि तेच बाटलीभर तेल बेअरिंगच्या गोळ्यांत ओतलं. दर वेळी दोन-चार दिवस गप्प, मग थर, मग आणखी तेल, मग आणखी थर. दीड महिना ते त्या मोटरला वार्निश लावत होते. मी बरंच बोलले. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी ते म्हणाले, "माह्यावर काहून चिडतेस? मायनं सांगतलं होतं."

चार-पाच महिने खाटेवर पडलेल्या बाईने मशीन दुरुस्तीचे हुकूम द्यावेत, यावर माझा विश्वास बसेना. मी तशीच तेलकट हातांनी आत गेले.

"आई, मशीनीत तेल टाकायला तुम्ही सांगितलं?"

त्या भिंतीकडे तोंड करून होत्या. "हो."

"कशाला?"

"चिरकते थे."

"चिरकू द्या ना! तुम्हाला काय त्रास होत होता?"

"मले नाही होत. साऱ्या मोहल्ल्याले आयकू जाते." मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "थे पल्याडची आली होती ना बसाले. म्हने, आज तीनदा वाजली वो तुमची मशीन, लय धुनं निंगते. अन् हासली. आता मशीन वाजली का सारे म्हनतात, म्हातारी मुतली."

मी खाटेजवळ उभी राहिले. एक-एक गोष्ट जुळत गेली आणि प्रत्येक गोष्टीबरोबर मला स्वतःचाच राग येत गेला. मी नऊ ते पाच दवाखान्यात. मालक बांधीवर, मधून येऊन विचारतात, "माय, बदलवू का?" आणि ही म्हणते, "सुकं हाय, जा." सहाच्या तीन चादरी अशा झाल्या होत्या. ताबाबिबा काही आला नव्हता. मशीन वाजू नये म्हणून ती बाई ओल्यात तशीच पडून राहायची, कधी तीन तास, कधी चार. लोकांच्या लघवीचे रिपोर्ट रोज लिहिणाऱ्या माझ्या घरात.

"आई, डाग कशाने पडला मग? सांगायचं नाही का?"

"काय सांगू? वाजव म्हनू?"

चादर ओलीच होती. बदलली. कूस बदलली. डाग आता लिंबाएवढा झाला होता आणि मधोमध कातडी पातळ, चकचकीत दिसत होती. आता मशीन नुसतं चालून भागणार नव्हतं. ते गप्प चालायला हवं होतं, नाहीतर मी शंभर चादरी सुकवल्या असत्या तरी ती बाई माझ्या हाताला एकही ओली चादर लागू देणार नव्हती.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मोटर कापडी थैलीत घालून भंडाऱ्याच्या एसटीत बसले. शेजारच्या बाईने थैली चाचपून विचारलं, "मोटर होय का वो? पान्याची?"

"कपड्यांची."

"अगं माय," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

भंडाऱ्यात वॉशिंग मशीनच्या सुट्या भागांची दोन दुकानं पालथी घातली. दोन्हीकडे तोच प्रश्न: कोणती कंपनी, कोणतं मॉडेल? आणि तेच उत्तर: नाही भेटत. दुसऱ्या दुकानदाराने तर थैलीत डोकावायचीही तसदी घेतली नाही. बाहेर आले आणि समोरच मळणी यंत्राचे पट्टे आणि राइस मिलचे भाग टांगलेलं दुकान दिसलं. पाटीवर बेअरिंगचं चित्र होतं. गेले. काउंटरमागे जाड चष्म्याचे एक काका होते.

त्यांनी कंपनी विचारली नाही. मोटर उचलली, दांडा फिरवायला गेले, फिरेना. नाकाजवळ नेली.

"बाई, भजे तळत होते का याच्यात?"

"आमचे मालक चटणी करत होते."

ते एवढे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी ओढून काढायचं तीन पायांचं हत्यार लावलं, दोन्ही बेअरिंग दांड्यावरून उतरवली, रॉकेलच्या डब्यात बुडवली आणि फडक्याने घासली. कडेवर चार आकडे उमटले.

"हे पाहा नंबर. हा मिलच्या पंख्यातही लागते, पान्याच्या मोटरीतही लागते. दिवसाले दहा विकतो मी."

"मग मेकॅनिक म्हणतो भेटत नाही!"

"तो मशीनची बेअरिंग मांगत असन. बेअरिंगले का माहीत, थे कोनाच्या घरात आहे? बेअरिंगले फक्त नंबर राहते."

आठवडाभर मी आणि अख्खा बाजार चुकीचं नाव घेऊन चुकीच्या दारात उभे होतो. राग कोणावर काढावा तेही कळेना. काकांनी दोन प्रकार पुढे ठेवले. एकाला बाजूने पत्र्याचं झाकण, दुसऱ्याला रबराचं. "पान्याचं काम आहे, रबरवाली न्या. ग्रीस आतमधी भरलेलं येते. वरून काही टाकाचं नाही. मालकाले सांगा, तेल नाही, तूप नाही, काहीच नाही."

"आवाज करेल का?"

"ही? ही चालू आहे का बंद, हात लावून पाहा लागन तुम्हाले."

बसवूनही त्यांनीच दिलं. मी दांडा बोटाने ढकलला. तो फिरला आणि फिरतच राहिला.

संध्याकाळी मालकांनी मोटर जोडली. मी पेचकस हातात घेऊन शेजारी उभी राहिले, तेलाची बाटली जवळपास दिसली असती तर फोडली असती. तीन चादरी टबात टाकल्या, बटण फिरवलं. सुरुवातीला पाणी पडल्याचा आवाज आला, मग टेबल फॅनएवढी घरघर. मालक म्हणाले, "सुरू झाली का?" मी त्यांचा हात धरून मशीनवर ठेवला.

आत गेले. सासूबाईंना म्हटलं, "मशीन चालू आहे."

"खोटं नको सांगू."

"मालकांना विचारा."

त्यांनी कान दिला. गल्लीत कोणीतरी शेळी हाकत होतं, तेवढंच ऐकू आलं. बराच वेळ ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे वालं बी ओलं हाय." आणि अंगाखालच्या चादरीचं टोक स्वतःच ओढायला लागल्या. मी उघडून बघितलं तर ती भिजून गार झाली होती. दुपारपासूनची असणार.

त्या दिवसापासून चादरी सातवर गेल्या, एकदा आठवर. कातडी फुटली नाही. लाल डाग आधी तपकिरी झाला, मग खपली न धरताच त्याची कड विरत गेली आणि डॉक्टर मॅडम बोट दाबून म्हणाल्या, "आता पांढरा होतो, छान." सासूबाई आता माझा दवाखान्यात न्यायचा डबा भरून होईपर्यंतही दम धरत नाहीत. मी पायात चप्पल घातली की खाटेवरून हाक येते, मालक बांधीवर निघाले की हाक येते, चार चादरी वाळत असताना पाचव्यासाठी हाक येते, आणि आवाज असा खणखणीत असतो की पल्याडच्या घरी झाकणं वाजावीत: "वो! बदलव ना वो! किती वेळ झाला ओल्यात आहो मी!"