'जेवलास का?' विचारणारा भुताचा गेम

मागच्या आठवड्यात बारामतीत ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या प्रवीणनं एक गेम दाखवला... आणि माझा डबा तसाच राहिला.

मी मुळातच संशयी माणूस. ओटीपी तर सोडाच, वायफायचा पासवर्डसुद्धा बायकोला स्वतः टाइप करून देतो, सांगत नाही. त्यामुळे प्रवीण म्हणाला, "भुताचा गेम आहे, मराठीत आहे आणि फुकट आहे," तेव्हा मनात पहिलं हेच आलं... फुकट का? फुकटात फक्त व्हायरस मिळतो. पण गेम माझ्या फोनवर नव्हता, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होता. म्हटलं, बघू.

गेम अगदी छोटा. चित्रं जुन्या कॉम्प्युटरवर असायची तशी, चौकोनी चौकोनी. पळायचं नाही, बंदूक नाही, माउसनं वस्तूवर क्लिक केलं की ती काहीतरी सांगते. उसात एकटं घर, लाईट गेलेली, आपण आत... आणि बाहेरून कुणीतरी हाक मारतं. दार उघडायचं की नाही, एवढंच ठरवायचं.

प्रवीण सारखा मरत होता. 'कोण आहे?' वर क्लिक केलं की बाहेरचा बरोबर ओळखीचं नाव सांगायचा. खाली आणखी एक पर्याय होता... 'जेवलास का?' त्यानं तो दाबला. पडद्यावर अक्षरं उमटली, 'न्हाय. लई भूक लागलीय.' प्रवीणला दया आली, त्यानं दार उघडलं आणि परत मेला.

"अरे, त्याला उघडू नको," मी म्हटलं. "जो 'जेवलोय' म्हणेल, त्यालाच आत घे."

त्यानं तसं केलं आणि गेम पुढं सरकला. प्रवीण माझ्याकडं बघतच राहिला. मला मात्र घाम फुटला.

कारण ही युक्ती माझ्या आईची आहे. आमची वस्ती अंथुर्णे गावाच्या बाहेर, चहूबाजूंनी ऊस. दिवेलागणीनंतर कुणी हाक मारली की आई कडी न काढता आतून विचारणार, "जेवलास का?" तिचं म्हणणं, माणूस उपाशी असला तरी लाजून 'जेवलोय' म्हणतं आणि बसवलं की दोन भाकरी खातं. भुताला कसली लाज? "खोटं बोलंल ते माणूस. खरं बोललं की कडी काढायची न्हाय," असं ती मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, कविताला, लहानपणी बजावायची.

मग काय, संशयच माझ्या मानगुटीवर बसला. आधी वाटलं, फोन आपलं घरातलं बोलणं ऐकतो. मग आईला फोन लावला, हे बाहेर कुणाला सांगितलंस का? "मला काय येड लागलंय व्हय?" म्हणून तिनं ठेवून दिला. मग प्रवीणवरच संशय आला, दिवाळीत घरी फराळाला आला होता ना...

शेवटी स्वतः माउस हातात घेतला. ओट्याजवळ निळा ड्रम, तोंड एका बाजूनं कापलेलं. दाराची कडी तारेनं बांधलेली. हे आमचंच घर होतं! कोपऱ्यातल्या कुत्र्यावर क्लिक केलं तर नाव आलं... 'मेजर'. आमचा मेजर जाऊन बरीच वर्षं झाली, आणि हे नाव ठेवलं होतं कवितानं.

कविता पुण्यात असते, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. आई अख्ख्या गावात सांगत फिरते की पोरगी साहेब होणार. रोज संध्याकाळी फोन आणि रोज तेच बोलणं. जेवलीस का? जेवले. अभ्यास? चांगला चाललाय. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, या दोन उत्तरांवर कधीच घेतला नाही.

डोकं सणकलं होतं. संध्याकाळी फोन केला. जेवले म्हणाली, अभ्यास चालू आहे म्हणाली. मी एवढंच म्हटलं, "आज मेजरवर क्लिक केलं मी."

ती रडायलाच लागली. क्लास केव्हाच सुटला होता. तिथं जीव रमत नव्हता. रूमवरच्या मैत्रिणीकडून गेम बनवायला शिकली आणि आता एका लहान कंपनीत तेच काम करते. घरी कळलं तर आई दारात उभी करणार नाही, ही धास्ती.

मी रागानं खूप काही बोलणार होतो. पण तोंडातून निघालं, "फुकट का ठेवलास?"

"पहिलाच हाय दादा... लोकांनी नुसता खेळावा म्हणून." आणि मग हळूच, "शेवटपर्यंत गेलास का? भ्या वाटलं का रं?"

अभ्यासाबद्दल बोलताना हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. राग तिथंच उतरला. "लई भ्या वाटलं," मी म्हटलं. "शनिवारी घरी ये. आईला तूच सांग."

शनिवारी एसटीला उशीर झाला. दिवेलागण झाली आणि बाहेरून हाक आली, "आई..." आई कडीपाशी गेली आणि सवयीनं म्हणाली, "जेवलीस का?"

मग आवाज आला, "न्हाय आई. लई भूक लागलीय... आन् क्लास बी सोडलाय मी."

आईनं माझ्याकडं संशयानं बघितलं. मी खाली बघितलं. तिचा हात कडीवर तसाच होता. शेवटी कडी निघाली. "आधी जेव," आई म्हणाली, "मग बघते तुझ्याकडं."

बघितलंही तिनं, दोन दिवस धड बोलली नाही... पण काल संध्याकाळी कविताच्या मागं बसून तिनं तो गेम पाहिला. दाराबाहेरचं म्हणालं, 'न्हाय. लई भूक लागलीय.' कविता सरावानं पुढं जायला लागली, तर आईनं तिचा हातच धरला.

"उघड की गं... उपाशी हाय त्ये."