सासूने दिलेली उत्तरं

मर्गिलान शहरात रेशमाच्या मागावर बसण्यात मुहय्योची सोळा वर्षं गेली होती. अलीकडे उठताना ती आधी बसायच्या फळीकडे वळून बघायची, डाग तर पडला नाही ना.

मूळव्याध धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणापासूनची. दवाखान्यात तीनदा जाऊन झालं, आणि तिन्ही वेळा सासू साओदत शेजारच्या खुर्चीवर. सून डॉक्टरपुढे एकटी कशी बसेल? डॉक्टर विचारायचे मुहय्योला, उत्तर द्यायची सासू. "थोडंसंच आहे हो. कधीमधी." त्या 'थोडंसं'वर मलम मिळायचं, वर सल्ला: भरपूर पाणी प्या, भाज्या खा, कुंथू नका. पाणी! सगळ्यांचे चहाचे पेले भरता भरता तिचा स्वतःचा पेला गार होऊन जायचा. संडास अंगणाच्या टोकाला, जरा टेकली की हाक यायचीच, "सूनबाई, पाहुणे आलेत!"

परवा मागावरच तिला भोवळ आली. हिमोग्लोबिन निघालं सात. नव्या डॉक्टरीणबाई झुलैहो यांनी तपासलं, दुर्बिणीने आतूनही बघून घेतलं आणि कागद पुढे ओढला.

"आता एवढंच सांगा. कोंब बाहेर येतो तो आपोआप आत जातो, की हाताने ढकलावा लागतो? त्यावर ऑपरेशनचं ठरेल."

"आपोआप जातो," साओदत म्हणाली. "ऑपरेशन कसलं? महिन्याभरात माझ्या धाकट्या मुलाचं लग्न. पाचशे माणसं, नान भाजायचे, चहा द्यायचा..."

"ओयी," मुहय्यो सासूकडे वळून म्हणाली, "तुम्ही बघितलाय?"

"काय गं?"

"आत जाताना. तुम्ही बघितलाय?"

साओदतने दाराकडे बघितलं, बाहेर कुणी ऐकत तर नाही ना.

"हाताने ढकलते," मुहय्यो डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "चार वर्षं झाली. रोज."

"शोभतं का हे बोलणं!" साओदत तडकली. "आम्हालाही होतं. आम्ही कुठं मिरवलं? अंगावर काढलं गुपचूप."

"मग तुम्हालाही तपासते, मावशी," झुलैहो शांतपणे म्हणाल्या. साओदत डोक्याच्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली.

"ऑपरेशन लागणार. आधी रक्त वाढवू, मग..." डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडरवर बोट फिरवलं. "तारीख नेमकी लग्नाच्या आठवड्यात येतेय. पुढे ढकलायची का?"

विचारताना त्या, थोरल्यांना विचारायच्या सवयीने, साओदतकडेच बघत होत्या.

मुहय्योच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एवढं अंगात उरलंय, याचं तिलाच नवल वाटलं.

"डॉक्टर, इकडे बघा. मला विचारा."

झुलैहो वरमल्या. खुर्ची वळवून म्हणाल्या, "पुढे ढकलायची?"

"नाही."