एक्सएक्स नावाचं दार

आमच्या कंपनीच्या लिफ्टचं दार दोन मजल्यांच्या मधेच उघडलं आणि एका बाईंचा पाय मोडला. म्हणून मी ती लिफ्ट चालवणारा जुना प्रोग्राम, असेम्ब्ली भाषेतला कोड, उघडला. त्यात प्रत्येक कामाला लेबल, म्हणजे नाव द्यायचं असतं. इथे नावं होती एल१, एलएल१, एक्सएक्स. दार कुठे उघडतं, मोटर कुठे थांबते, काही उमगेना. तुंबलेल्या मोरीत हात घालावा तशी शिसारी आली.

कोड लिहिणाऱ्या निवृत्त साहेबांना फोन केला. ते हसले. "अहो, सरळ नावं दिली असती, तर मला कोणी विचारलं असतं का?"

"साहेब, बाईंचा पाय मोडलाय."

ते लगेच म्हणाले, "एक्सएक्स बघा. दार तिथेच आहे."

इतक्या वर्षांनीही त्यांना सगळं तोंडपाठ होतं. मला खरी किळस त्याचीच आली.